उन्हात घातलेल्या रेकॉर्डी

आधीच सांगून टाकतो, चूक माझी. नंतर कोणी बोलायला नको की रावजीने गोष्ट फिरवून सांगितली. एकशे बेचाळीस रेकॉर्डी, सगळ्या जपानी, सगळ्या नुमानच्या, आणि त्या वाकड्या केल्या मी. ह्या हातांनी.

मी एसीवाला, गुहागरकडचा. बहरीनला येऊन चोवीस वर्षं झाली. त्यातली एकोणीस नुमानबरोबर अरादच्या ह्याच दोन खोल्यांत गेली. एक खोली त्याची, एक माझी, किचन दोघांचं. तो रत्नागिरीचा, जहाजं दुरुस्त करायच्या यार्डात स्टोअरकीपर. बायको, मुलगी गावाला. दोन वर्षांतून एकदा दीड महिना घरी, बाकी सगळा संसार माझ्याशी. भांडणंसुद्धा माझ्याशीच.

ह्या रेकॉर्डींचं खूळ त्याला एका जपानी इंजिनियरने लावलं. त्याची बोट तीन महिने यार्डात अडकली होती, आणि नुमान त्याला रोज आपल्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि बांगड्याचं सार खायला घालायचा. जाताना त्या माणसाने आपला रेकॉर्ड प्लेअर आणि अकरा रेकॉर्डी नुमानच्या हातात ठेवल्या. नुमानने घरी आणून पहिली लावली, तर मी किचनमधून धावत आलो. मला वाटलं, कॉम्प्रेसरचं बेअरिंग गेलं!

"बंद कर, बंद कर, आग लागेल," मी बोललो.

"अरे, गिटार आहे ती," नुमान बोलला.

"गिटार? कोणी मारतंय काय तिला?"

तो हसत बसला. पण त्या दिवसापासून माणूस कामातून गेला. कुठून कुठून पत्ते काढायचा, जपानमधल्या दुकानांना मोडक्यातोडक्या इंग्रजीत मेल लिहायचा, मग सहा-सहा महिने एका पार्सलची वाट बघायचा. सत्तर सालातला रॉक, मग ती लांबच लांब धुंदीतली गाणी, मग नुसता आवाज, ज्यात गाणंच नाही. जपानी अक्षर एक वाचता येत नव्हतं. मग आम्हीच नावं ठेवली. एक भोंगेवाली. एक गिरणीवाली, कारण ती ऐकली की गिरणीचा पट्टा सुटल्यासारखं वाटायचं. आणि एक विहीरवाली. ती त्याची सगळ्यात लाडकी. पांढरं कव्हर, त्यावर एक काळी रेघ, बस. एक माणूस विहिरीत उतरून गातोय असा सुरुवातीला आवाज येतो, मग गिटार एकच सूर धरून बसते, धरूनच बसते, आणि शेवटी, तुम्ही आशा सोडल्यावर, ढोल येतो. एक बाजू वीस मिनिटांची.

शुक्रवारी सकाळी सुट्टी. मी मासे साफ करायचो आणि नुमान दोन बाजू लावायचा. मी वैतागून त्याला एकदा हेडफोन आणून दिले. त्याने ते कपाटावर टाकले ते टाकलेच. "एकट्याने ऐकण्यात काय मजा?" बोलला. मी शिव्या घालत ऐकायचो. खरं सांगू? सात-आठ वर्षांनी मला ते आवडायला लागलं होतं. विहीरवालीचा ढोल कधी येणार ते मला घड्याळ न बघता कळायचं, मासा हातातच राहायचा. पण नुमानला हे कधी बोललो नाही. का नाही बोललो, काय माहीत. चिडवायची सवय लागली होती.

जूनमध्ये नुमानच्या पोटात गाठ निघाली. इथल्या डॉक्टरने घरी जाऊन उपचार करा बोलल्यावर कंपनीने लीव्ह दिली. एअरपोर्टवर तो पार सुकलेला दिसत होता, पण त्याला चिंता कसली? "रावजी, माझ्या खोलीतला एसी बंद करू नको. दुसरं काही करू नको, फक्त एवढं. इंशाल्ला, ऑक्टोबरला आलोच."

"एसीवाल्याला एसी शिकवू नको," मी बोललो. हे माझे शब्द. अजून कानात वाजतात.

जुलैत त्याच्या खोलीतला एसी गळायला लागला. ड्रेन पाईप तुंबलेला. पाणी भिंतीवरून रेकॉर्डींच्या फळीकडे उतरत होतं. मी एसी बंद केला. उद्या बघू, बोललो. दिवसभर दुसऱ्यांचे एसी करून आलेला माणूस घरी येऊन पाना हातात घेतो का कधी? ते उद्या काही आलं नाही. ऑगस्टची इथली हवा तुम्हाला माहीत नसेल, भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. महिन्याने दार उघडलं, तर आतून बुरशीचा भपकारा. कव्हरांवर पांढरे-हिरवे ठिपके.

आता आपल्याकडे बुरशी आली की माणूस काय करतो? गणपती गेले, पाऊस ओसरला, की माझी आई घरातलं सगळं अंगणात काढायची. गोधड्या, पाट, पोथ्या, देवांच्या तसबिरीसुद्धा. दिवसभर ऊन दाखवलं की वास जातो. लहानपणापासून हेच बघितलंय. मला दुसरं काही सुचलंच नाही.

शनिवारी सकाळी मी सगळ्या रेकॉर्डी गच्चीवर नेल्या. कव्हरं एका बाजूला पसरली. आणि शहाणपणा बघा, रेकॉर्डी बाहेर काढून एकेक चादरीवर मांडल्या, हवा लागावी म्हणून. एकेक ओल्या फडक्याने पुसलीसुद्धा. तासाभरात उचलू, असं ठरवलं होतं. तेवढ्यात झल्लाकच्या एका हॉटेलातून फोन, चिलर बंद पडलाय, यल्ला यल्ला, आत्ता या. गेलो. परत आलो तेव्हा तीन वाजलेले.

गच्चीचं दार उघडलं आणि तिथेच बसलो. पापड तळला की कसा होतो, तशा झाल्या होत्या एकेक. आयुष्यभर ह्या देशातल्या उन्हाशी लढून पोट भरलं मी. कुठल्या पत्र्यावर किती तापतं ते मला तोंडपाठ. आणि मीच नुमानचा जीव उन्हात मांडून गेलो. गच्चीवर मी ढसाढसा रडलो, लाज नाही वाटत सांगायला.

मग करता येईल ते केलं. काचांमध्ये दाबल्या, वर फरशा ठेवल्या, फरशांवर भरलेला गॅस सिलिंडर ठेवला. काही फरक नाही. विहीरवाली पाण्याच्या टाकीच्या सावलीत अर्धी आली होती, म्हणून ती अर्धीच वाकली. तेवढीच प्लेअरवर चढत होती.

नुमानचा फोन दर शुक्रवारी यायचा. "रेकॉर्डी ठीक ना?" "फर्स्ट क्लास," मी बोलायचो. ठरवलं होतं, आला की पाय धरायचे, समोरासमोर सांगायचं. आजारी माणसाला फोनवर काय सांगणार? ऑक्टोबर आला. नुमान आला नाही. त्याचा आवाज बारीक होत गेला, मग फोन त्याची मुलगी आतिका लावायला लागली. कॉलेजात आहे. बाप दोन वर्षांतून दीड महिना बघितलेली पोर, आता रात्रंदिवस त्याच्या उशाशी.

नोव्हेंबरच्या एका शुक्रवारी तीच बोलली, "रावजीकाका, अब्बांना तुमच्याशी बोलायचंय. हळू बोलतात, कान देऊन ऐका."

"रावजी," नुमान बोलला, "विहीरवाली लाव. फोन जवळ धर. मला ऐकायचीय."

"लाईट गेलीय रे," मी बोललो.

"बहरीनमध्ये?"

एकोणीस वर्षांत दोनदा गेली असेल लाईट. मी बोललो, बघतो, फ्यूज असेल. मग बोललो, सुई खराब झालीय.

"रावजी, लाव ना," तो बोलला. नुमान कधी विनवणी करणारा माणूस नव्हता.

लावली. सुई उडू नये म्हणून तिच्या दांडीवर शंभर फिल्सचं नाणं चिकटवलं आणि फोन स्पीकरसमोर धरला. माणूस विहिरीत उतरला, पण प्रत्येक फेऱ्याला त्याचा आवाज वर जायचा आणि खाली यायचा, वर जायचा आणि खाली यायचा, जणू कोणी त्याला दोरीने हिसके देतंय. मग गिटार आली. तीही तशीच. जो सूर ढोल येईपर्यंत हलत नाही, तो दर दोन सेकंदांना लटपटत होता. नुमानने ही बाजू हजारदा ऐकलेली. मी तोंडावर हात दाबून बसलो. दोनदा वाटलं, फोन कापावा. पलीकडून काही आवाज नाही. एकदा आतिकाचा आवाज पुसट आला, मग तोही बंद. ढोल आला तो लंगडत आला. मग संपलं.

"झालं?" नुमानने विचारलं.

"झालं."

"सुई उचल. नुसती फिरत राहिली तर झिजते." मग बोलला, "छान वाजली, रावजी."

मंगळवारी तो गेला. त्याच दिवशी दफन झालं. मला तिकीट मिळून पोचेपर्यंत काय उरलं असतं? मी ड्युटीवर गेलो. सखीरला एका लेक्चर हॉलचा एसी होता, तो केला. संध्याकाळी घरी येऊन दोघांचा भात टाकला. शिजल्यावर लक्षात आलं.

नुमानचा चाळिसावा दिवस झाल्यावर मीच आतिकाला फोन लावला. तोवर माझी झोप उडाली होती. सांगितलं नाही तर मी मरताना कोणाला सांगणार? मी बोललो, "आतिका, ऐक. तुझ्या अब्बांच्या रेकॉर्डी..."

"काका, अब्बांना माहीत होतं."

"काय माहीत होतं?" मी विचारलं.

"गाणं चालू झालं आणि दोन मिनिटांत त्यांनी फोनवर हात ठेवला. मला बोलले, ह्याने उन्हात घातल्या गं. एसी गळला असणार, आज करू उद्या करू करत राहिला असणार, बुरशी आली असणार, आणि मग गोधड्यांसारखा उन्हात घालून आला असणार. मी विचारलं, काकांना सांगू? तर बोलले, मी आहे तोवर नको, तो रडत बसेल आणि माझं गाणं जाईल. नंतर सांग. नाही सांगितलंस तर येडा जन्मभर मनाला लावून घेईल."

मी बोललो, "मी तुला दुसरी मागवून देतो. ह्याच गाण्याची. जपानमधून मागवतो. कोरी, सरळ."

"नको काका. मला तीच द्या. अब्बा इथे आले की कधी हे ऐकायचे नाहीत, घरात प्लेअरच नव्हता. मी त्यांच्याबरोबर आयुष्यात एकच गाणं पूर्ण ऐकलं. ते तसंच वाजत होतं."

मे महिन्यात लीव्हवर जाईन तेव्हा प्लेअर आणि विहीरवाली घेऊन रत्नागिरीला उतरायचं ठरलंय. हातातच धरून नेणार, बॅगेत टाकणार नाही. नाण्यासकट.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी शिडी लावली आणि नुमानच्या खोलीतल्या एसीचा ड्रेन पाईप साफ केला. आत मुठीएवढा गाळ होता. वीस मिनिटांत झालं काम.