गालिच्याचे चार कोपरे

दिवाणखान्यातल्या लोकरी गालिच्यावर कॉफी सांडली आणि घरातलं माणूस अंथरुणाला खिळावं तशी धावपळ सुरू झाली. डाग तळहाताएवढा.

"कोमट पाणी नि डोक्याचा शाम्पू द्या," मावशी म्हणाली. "घासायचं नाही. टिपून काढते."

मावशी घरच्या मालकीणबाई ताईंपेक्षा आठ वर्षांनी लहान. पण भांडी घासणाऱ्या बाईचं वय कोण विचारतो?

साहेब हसले. "मावशी, हे शास्त्र आहे. तुम्ही लादी बघा."

मग शास्त्र सुरू झालं. डाग काढायच्या औषधाची पहिली बाटली आली ती तान्ह्या बाळांना सुरक्षित. घरात बाळ नव्हतं. दुसरी कुत्र्यामांजरांना सुरक्षित, तिसरी समुद्रातल्या माशांना, चौथी थेट पृथ्वीला. प्रत्येकीवर छापलेलं: आधी न दिसणाऱ्या जागी लावून पाहा. साहेब छापील शब्दाबाहेर न जाणारे. सोफ्याखालच्या कोपऱ्याला पहिली लावली, रंग उडाला. गालिचा फिरवला, दुसरा कोपरा सोफ्याखाली सारला. तोही पांढराफटक. दोन आठवड्यांत चारी कोपऱ्यांची वाट लागली आणि मधला डाग ठणठणीत. त्याला हात लावायची कुणाची छाती होईना. कोपरे चोळायला अर्थातच मावशी. तिच्या बोटांना चिरा पडल्या.

आणि नेमकं सोमवारी तिला प्रसूतिगृहात जायचं होतं. नवजात बाळांना आंघोळ घालायचं काम निघालं होतं. तिथली मेट्रन आधी हात बघते, चिरलेला हात बाळाला लावू देत नाही.

शनिवारी पाचवी बाटली आली, सगळ्यांत जोरदार.

"आता लावून कुठं बघायचं?" ताईंनी विचारलं.

साहेबांची नजर खोलीभर फिरली आणि मावशीच्या हातावर येऊन टेकली. "मनगटाला थेंबभर लावू. कातडीनं सोसलं तर लोकर सोसेलच."

"थेंबभरच गं," ताई म्हणाल्या. "तुझे हात सवयीचे."

मावशीनं हात फडक्याला पुसले. "मग साहेबांच्या मनगटाला लावा."

"अगं, त्यांची स्किन सेन्सिटिव्ह आहे."

"मग डाग राहू द्या. सोमवारी हे हात मला दाखवायचेत. उद्यापासून मी येणार नाही."

"एवढ्याशा थेंबासाठी काम सोडतेस?"

"एवढासाच आहे, तर तुम्ही घ्या की ताई."

ताईंनी बाटली टेबलावर ठेवली आणि हात मागे घेतले. मावशी चपला घालून निघाली.

सोमवारी मेट्रननं तिचे हात उलटेपालटे करून पाहिले. "हे कशानं?"

"गालिचा धुण्यानं. फार शिकलेली माणसं होती."

मेट्रनच्या ओठाची कड हलली. "गुरुवारपर्यंत जागा ठेवते. पाण्यात हात घालायचा नाही. चिरा मिटल्या तर ये, नाहीतर दुसरी बघेन."

घरी येऊन मावशीनं हातांना तेल चोळलं आणि दारात बसून राहिली. आत नवरा भांडी घासत होता, जणू सगळ्या जगाचं ओझं त्याच्याच पाठीवर.

"किती दिवस हे असं?"

"गुरुवारपर्यंत," मावशी म्हणाली. "आणि कढईचं बूड नीट घास. करपलेलं तसंच आहे."