ईशान्य कोपऱ्यातली पिवळी माती

मी एक जुने गिरमिट आहे. मित्रांनो, लगेच सुताराकडे वळू नका. लाकडाला भोक पाडणारे माझे भावंड वेगळे. मी माती पोखरते. माणसाच्या उंचीचा पोलादी दांडा, वर दोन्ही हातांनी धरायची आडवी मूठ आणि खाली पीळदार पाते, असा माझा थाट. मला फिरवत जमिनीत घुसवायचे आणि उपसायचे, की पात्याच्या वेढ्यांत खालची माती वर येते. जमीन वरून कितीही सोज्ज्वळ दिसो, माझ्यापुढे तिचे काही चालत नाही.

कोइम्बतूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून भुवनेश्वरीने मला घरी आणले. ती भूवैज्ञानिक. बंद पडलेल्या कारखान्यांच्या जागा तपासायच्या, मातीत मुरलेले विष शोधायचे, ते काढून टाकायला लावायचे आणि मग तिथे घरे उठू द्यायची, हे तिचे काम. कातडी कमावण्याचे आवार म्हणू नका, रंगाऱ्यांची कुंडे म्हणू नका, सगळीकडे आम्ही दोघी फिरलो. मोठी यंत्रे नंतर यायची. "आधी माझे गिरमिट," असे ती ऐटीत म्हणायची, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे. आम्हाला पाहून बांधकामवाल्यांच्या कपाळाला मात्र आठ्या पडत. जेवणाच्या वेळी ते एका सावलीला, भुवना तिचा दहीभात घेऊन दुसऱ्या सावलीला. जागा स्वच्छ झाली की तिथे माणसे राहायला येत, आणि आमची आठवणही कुणाला राहत नसे.

घर कुंभकोणम्‌मध्ये. आईवडील लहानपणीच गेले, तेव्हा काकांनी, म्हणजे मुकुंदरावांनी, तिला वाढवले. काकांनी लग्न केले नाही. घरात ही दोनच माणसे. पूर्वज मराठ्यांच्या काळात इकडे आले, त्यांच्याबरोबर आलेली मराठी ती दोघे घरात बोलत. उंबऱ्याबाहेर पाऊल पडले की तमिळ.

साक्कोट्टैच्या वाटेवर काकांची जागा होती. तिथे भाडेकऱ्यांनी पितळी दिव्यांना मुलामा देण्याची शेड चालवली होती; ती केव्हाच बंद पडली. काकांनी ती जागा शाळेला द्यायचे ठरवले. शाळेला त्यांच्या वडिलांचे नाव लागणार होते. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी पाहिला आहे. जमीन भुवनानेच तपासावी, असा हट्टही त्यांचाच.

पण हौस इतकी दांडगी की तपासणीआधीच त्यांनी भूमिपूजन उरकले. ईशान्य कोपऱ्यात खड्डा घेतला, नवधान्य घातले, हळद लावलेल्या विटा बसवल्या, वर कोलम्, म्हणजे पिठाची रांगोळी, काढले. भुवनाने मला साऱ्या आवारात घुसवले. त्या कोपऱ्याशी आल्यावर मात्र तिने चपला काढल्या, हात जोडले आणि ती मागे फिरली. जी कुणाच्या शब्दाने थांबत नसे, ती चार विटांपाशी थांबली. बाकी सगळीकडे कावेरीची करडी चिकणमाती निघाली. काका खूश, भुवनाही खूश.

संध्याकाळी ती परसातल्या विहिरीवर मला धूत होती. धुता धुता तिचा हात थांबला. इकडे विहीर खणतात ती ईशान्येलाच. घरची विहीरही तिथेच. मग त्या शेडची विहीर गेली कुठे? ती तशीच ओल्या हातांनी आत गेली. माजघराचे दार उघडे होते, मला सगळे ऐकू येत होते.

"काका, शेडची विहीर कोठें होती?"

"होती एक," काका म्हणाले. "पाणी खराब जाहलें, बुजविली."

"ईशान्येस?"

काका म्हणाले, "तेथें देव बसविला आहे, भुवना. गिरमिट घालूं नको."

"तेथें लेंकरें पाणी पितील, काका."

"माझ्या बापाचें नांव लागणार शाळेस! पूजेच्या विटा माझ्याच पोरीनें उपटल्या, म्हणून गांवास सांगूं?"

दुसऱ्या दिवशी ती एकटीच मला घेऊन गेली. अनवाणी बसून तिने एकेक वीट हाताने काढली, बाजूला नीट रचली, नमस्कार केला. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदाच मला जमिनीत शिरू नये असे वाटले. काळी भर लागली, मग राख, मग ओल. मला वर काढले तेव्हा माझ्या वेढ्यांत पिवळीजर्द माती होती. मुलाम्याचे क्रोमियम होते ते. भाडेकऱ्यांनी वर्षानुवर्षे विहिरीत ओतलेले सांडपाणी. भुवना माझी मूठ धरून रडली.

तिने ते लपवले नाही. काका आडवे आले नाहीत, पण एक अक्षरही बोलले नाहीत. पिशवी भरून ते तिरुनागेश्वरम्‌ला बहिणीकडे राहायला गेले. बसने जाऊन तासाभरात परतता येईल इतके जवळ, पण भुवना गेली की ते देवळात निघून जात. इकडे विषारी माती खणून झाकलेल्या ट्रकांतून गेली, पाणी उपसून शुद्ध केले. काम लांबले, भुवनाचे केस पांढरे होऊ लागले. अखेर मी तिथे शिरले तर तळापर्यंत नुसती करडी माती.

शाळेच्या उद्घाटनाच्या सकाळी नव्या बोअरजवळची माती एकदा शेवटची बघावी, म्हणून तिने मला नेले. काका मांडवात होते, जरीकाठी वेष्टी, म्हणजे इकडचे धोतर, नेसून. कुणीतरी त्यांना नळाचे पाणी दिले. त्यांनी पेला हातात धरून दूर उभ्या असलेल्या भुवनाकडे पाहिले, मग सगळे पाणी पिऊन टाकले. आणि चालत तिच्याजवळ आले.

"नल्ला इरुक्कीङ्गळा?" त्यांनी विचारले.

म्हणजे, बऱ्या आहात ना? तमिळमध्ये, अहोजाहो करून, परक्या बाईला विचारावे तसे.

"इरुक्केन," भुवना म्हणाली. आहे.

तेवढ्यात काकांना कुणी हाक मारली आणि ते मांडवात परत गेले.

आता भुवना निवृत्त झाली आहे, मी कोपऱ्यात गंजते आहे. मित्रांनो, मला तेल लावा असे मी म्हणत नाही. पण तुमच्या घरात कुणी नको असलेले खरे वर काढले, तर त्या माणसाशी बोलणे टाकू नका. माती बदलून आणता येते. भुवना रोज संध्याकाळी माझी धूळ पुसते आणि दिवसभरातले सगळे मला सांगते, काकांशी बोलायची त्या मराठीत. मी ऐकते. मला हुंकार देता येत नाही.