उजेडाकडे न धरलेलं झाकण

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. खरं सांगायचं तर आता अर्धाच आहे. माझं भांडं मागच्या शेडमध्ये सायकलींच्या शेजारी पडलंय, त्यात कपड्यांचे चिमटे असतात. आणि माझं झाकण स्वयंपाकघराच्या खिडकीत एका खिळ्याला टांगलेलं आहे. तुमच्याशी बोलतंय ते हे झाकण. भांड्याकडे सांगण्यासारखं काही नाही. जे झालं ते माझ्यात झालं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सगळ्याच कुकरांचा होतो, त्यात विशेष काही नाही. विशेष इतकंच, की पुण्यातल्या दुकानात शैलाकाकूंनी सात कुकर उघडून-मिटून पाहिले आणि मला निवडलं. लेक लग्न होऊन नेदरलँड्सला निघाली होती. दुकानदाराने घर्रघर्र करत माझ्या अंगावर नाव घातलं, 'उत्तरा'. नाव घातलेलं भांडं कुठेही गेलं तरी घरी परत येतं, असं तो म्हणाला. येतं खरं. कशा अवस्थेत येतं, ते त्याने सांगितलं नाही.

बॅग भरताना शैलाकाकूंनी लेकीला एक गोष्ट शिकवली. माझ्या झाकणाच्या मधोमध एक बारीक नळी आहे, तिच्यावर शिट्टी बसते. आतली जास्तीची वाफ त्या नळीतून बाहेर पडते. काकूंनी शिट्टी काढली, झाकण खिडकीकडे धरलं आणि नळीला डोळा लावला.

"असं बघायचं. पलीकडचा उजेड दिसला तरच कुकर लावायचा. नाही दिसला तर उपाशी राहायचं, पण लावायचा नाही."

"आई, रोज?"

"रोज. आणि कोणी हसलं तरी."

उत्तराने ते मनावर घेतलं. ती मुळातच काळजी करणारी. न्यूनेन नावाच्या तिथल्या गावातल्या त्या छोट्या घरात हिवाळ्यात उजेड हा हात आखडूनच येतो. तेव्हा ती मला ओट्यावरच्या दिव्याकडे धरायची. पण बघितल्याशिवाय तिने मला एकदाही लावलं नाही. पहिल्या दिवशी माझी शिट्टी ऐकून शेजारचे डच आजोबा धावत दारात आले. त्यांना वाटलं, आगीचा भोंगा वाजतोय. उत्तराने त्यांना वाटीभर खिचडी दिली. पुढे शिट्टी झाली की ते कुंपणापलीकडून अंगठा उंचावून दाद द्यायचे. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

मग संहिता आली. आमचं बाळ. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर डचमधून येतं. अडीच वर्षांची झाल्यावर तिने माझ्या शिट्ट्या मोजायला सुरुवात केली. "एन! ट्वे! द्री!" तीन झाल्या की टाळ्या. उत्तराने स्वयंपाकघराच्या फरशीवर एक निळी चिकटपट्टी लावली होती. कुकर चालू असताना संहिताने ती पट्टी ओलांडायची नाही. संहिता पट्टीला पावलं लावून उभी राहायची, एक बोट पुढे नाही. तिचा माझ्यावर विश्वास होता. मी बोलायचो, ती मोजायची.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर मंजूषाताई आल्या. या ताई म्हणजे तिथल्या मराठी मंडळाचा कणा. उत्तरा आणि तिचा नवरा सारंग नवीन आले तेव्हा घर ताईंनी शोधून दिलं, नगरपालिकेत नाव नोंदवायला ताई बरोबर गेल्या. त्यांचा शब्द मोडायचा म्हणजे काय! ताई आणि त्यांचे मित्र, असे चौदाजण, स्पेनमधल्या एका वाळवंटात आठवडाभराच्या उत्सवाला निघाले होते. तंबूत राहायचं, गाणी-नाच, आणि तिथे दुकान नाही, नळ नाही, वीज नाही. सगळं आपलं आपण न्यायचं आणि सगळं आपलं आपण परत आणायचं.

"माझा कुकर विजेचा गं," ताई म्हणाल्या. "तुझा गॅसवर चालेल. आम्ही तिथे सगळ्यांना खिचडी खिलवणार आहोत. देशील ना?"

उत्तराच्या चेहऱ्यावर नाही होतं. तोंडातून मात्र "हो, घेऊन जा ना" असं आलं. मला पिशवीत घालताना ती एवढंच म्हणाली, "ताई, एक सांगू? लावायच्या आधी झाकण उजेडाकडे धरून—"

"अगं बाई, मी काय आज पहिल्यांदा कुकर लावतेय? तू शाळेत होतीस तेव्हापासून लावतेय."

संध्याकाळी फोनवर शैलाकाकू म्हणाल्या, "वाळवंटात? नाही म्हणता आलं नाही तुला? भीड भिकेची बहीण, उत्तरा."

मित्रांनो, ताईंसारखी सामानाची बांधाबांध मी कुठे पाहिली नाही. प्रत्येक खोक्याला नंबर, प्रत्येक नंबरची यादी. तंबूचे खुंटे वेगळे, दोऱ्या वेगळ्या, पाण्याचे कॅन, डोळ्यांवरचे चष्मे, नाकावरचे रुमाल. मी अकरा नंबरच्या खोक्यात होतो, तांदळाच्या पिशवीशेजारी. दोन दिवस गाडीतून हिंदकळत गेलो.

तिथली धूळ मात्र कुठल्याच यादीत नव्हती. पिठीसाखरेसारखी पांढरी. चिमटीत धरली तर जाणवायची नाही, पण बंद खोक्यातही शिरायची. वारा सुटला की आकाश आणि जमीन एक व्हायची. अशा धुळीत मी दिवसाला चार-चार वेळा शिजलो. धुळीने माखलेले, अंगाला टिकल्या चिकटवलेले अनोळखी लोक माझ्याभोवती जमायचे आणि शिट्टी झाली की एका सुरात ओरडायचे. कोणी माझा फोटो काढला, कोणी माझ्यासमोर नाचलं. मी फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

पण खिचडीचा फेस नळीत चढायचा. त्यावर धूळ बसायची. त्यावर पुन्हा फेस. भिंती अशाच बांधतात. शेवटच्या दिवशी माझी शिट्टी उडाली नाही, नुसती कुजबुजली.

"दमला वाटतं बिचारा," ताई म्हणाल्या आणि सगळे हसले. झाकण मात्र कोणी उजेडाकडे धरलं नाही. त्या वाळवंटात उजेडाला काय तोटा होता!

निघायच्या दिवशी साफसफाई झाली. तिथला नियम असा, की आपल्या मागे जमिनीवर काहीही उरता कामा नये. चौदाच्या चौदाजण ओळीने गुडघ्यांवर बसले आणि रांगत रांगत जमीन वेचू लागले. एक टिकली, एक धागा, लिंबाची एक बी, शेंगदाण्याचं साल. भांडी धुतलेलं पाणीसुद्धा तिथे ओतायचं नव्हतं, ते कॅनमध्ये भरून परत न्यायचं होतं. म्हणून भांडी धुतलीच नाहीत. मला कागदाने पुसलं, यादीत 'कुकर' शब्दापुढे खूण केली आणि अकरा नंबरच्या खोक्यात घातलं. जमीन इतकी स्वच्छ झाली की तपासायला आलेल्या माणसाने त्यांची पाठ थोपटली.

वाळवंटात त्यांनी काहीच मागे सोडलं नाही, मित्रांनो. सगळं माझ्यात भरून घरी आणलं.

परतीच्या दोन दिवसांत ते नळीत वाळून दगड झालं. घरी आल्यावर ताईंनी मला व्हिनेगर लावून घासलं. ती धूळ खारी असते, नुसत्या पाण्याने जात नाही, हे त्यांना माहीत होतं. आतून, बाहेरून, मुठीपर्यंत घासलं. जिथे हात पोचत होता तिथे सगळीकडे. नळीत हात पोचत नाही. मग रिकामं भांडं परत द्यायचं नसतं म्हणून त्यांनी मला काठोकाठ साखरेने भरलं, वर लाल रिबीन बांधली, आणि शनिवारी दुपारी जेवायच्या वेळेला आमच्या घरी आल्या.

सारंग किराणा आणायला गेला होता. संहिता भुकेली होती. उत्तराने साखर डब्यात ओतली आणि तांदूळ-मूगडाळ धुवायला घेतली.

"लाव ना यातच," ताई खुर्ची ओढून बसत म्हणाल्या. "आणि बघ कसा लख्ख केलाय. तुझ्याकडेसुद्धा इतका चकचकीत नव्हता हं."

उत्तरा हसली. डाळ-तांदूळ आत गेले, पाणी गेलं, हळद गेली. मग तिने सवयीने झाकण उचललं, आणि तिचा हात खिडकीकडे वळला. अर्ध्यापर्यंत आला.

"काय गं," ताई हसत म्हणाल्या, "विश्वास नाही होय माझ्यावर?"

हात तिथेच थांबला. मित्रांनो, मी त्या हातात होतो. आणखी वीतभर वर गेला असता तर सगळं दिसलं असतं. म्हणजे काहीच दिसलं नसतं, आणि तेच पुरे होतं.

"छे हो ताई," उत्तरा म्हणाली. हात खाली आला. झाकण बसलं, शिट्टी बसली, शेगडी चालू झाली.

संहिता पट्टीला पावलं लावून उभी राहिली. ताई वाळवंटाचं वर्णन करू लागल्या. "तुला सांगते उत्तरा, माणसं कशी असावीत तर अशी. रांगत होतो सगळे, रांगत! एक टिकलीसुद्धा सोडली नाही आम्ही."

आत वाफ दाटत होती. मी ती नळीकडे ढकलत होतो, नळीतला दगड हलत नव्हता. माझ्याकडे बोलायला दुसरं तोंड नाही. झाकणाच्या कडेला एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो शेवटचा. तो उडाला की वाफ कुठे जाईल ते कोणाच्या हातात नसतं. मी धरून ठेवलं. जितकं धरता येईल तितकं धरलं.

"आई," संहिताने डचमध्ये विचारलं, "तो शिट्टी का करत नाही?"

"करेल हं बाळा."

ताईंचं चालूच होतं, "एक बाई तर डब्यात केस गोळा करत होती, गळलेले केस! म्हटलं, याला म्हणतात शिस्त..."

मी बोलत नव्हतो म्हणून संहिता ऐकायला जवळ आली. पट्टी ओलांडली. एक पाऊल, मग दुसरं. कान माझ्याकडे केला.

उत्तराला माझी शांतता ऐकू आली. ताईंचं वाक्य अर्ध्यात असताना ती उठली, खुर्ची पडली, आणि तिने संहिताचा फ्रॉक मागून धरून खेचला. त्याच क्षणी माझा व्हॉल्व्ह उडाला.

खिचडी छतापर्यंत गेली. खेचलं होतं म्हणून चेहरा वाचला. उजवा हात वाचला नाही. कोपरापासून मनगटापर्यंत.

उत्तराने तो हात नळाच्या साध्या वाहत्या पाण्याखाली धरला आणि घड्याळाकडे बघत वीस मिनिटं तशीच उभी राहिली. संहिता किंचाळत होती. ताईंनी शेगडी बंद केली, डॉक्टरांना फोन लावला, गाडी काढली. वाईट बाई नाहीत त्या. पण गाडीकडे जाताना म्हणाल्या, "जुना झालाय गं तुझा कुकर. टाकून दे."

आणि सारंग डॉक्टरांकडे धावत आला तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "तू तर रोज बघतेस ना? मग आजच कसं नाही बघितलंस?"

काय सांगणार ती? समोर पाहुणे होते म्हणून?

दुसऱ्या दिवशी तिने स्टुलावर चढून छत पुसलं. मग मला उचललं आणि खिडकीशी जाऊन नळीला डोळा लावला. काळोख. तिने कितीतरी वेळ डोळा काढला नाही. मला वाटलं, आता सुई घेईल, नळी मोकळी करेल, व्हॉल्व्ह नवा बसवेल. एक जादा व्हॉल्व्ह शैलाकाकूंनी दिलाच होता. पण तिने खिळा ठोकला आणि मला तसंच टांगून ठेवलं. काकूंना तिने आजतागायत काही सांगितलेलं नाही. व्हिडिओ कॉलवर संहिताला लांब बाह्यांचा फ्रॉक असतो.

वर्ष सरलं. पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडावर ताई आल्या. हातात यादी, खोक्यांचे नंबर. संहितासाठी बाहुली आणली होती.

"नवीन कुकर घेतलास ना? यंदा तो देशील का गं? तुझी खिचडी आठवते सगळ्यांना."

उत्तराने मला खिळ्यावरून काढलं, शिट्टी बाजूला केली आणि त्यांच्या हातात दिलं.

"ताई, उजेडाकडे धरून बघा."

ताईंनी चष्मा सरकवून डोळा लावला. "काही दिसत नाहीये गं."

"तुम्ही आणून दिलात तेव्हाही असाच होता. मी हात लावलेला नाही."

ताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे, असं म्हणायचंय तुला?"

"नाही. माझ्यामुळे. मी बघितलं नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. नवा कुकर मी देणार नाही ताई."

ताई उठल्या. चहा तसाच राहिला. आता मंडळात म्हणतात, उत्तरा बदलली. एका कुकरासाठी नाती तोडली म्हणतात. गणपतीच्या जेवणाला तिला कोणी मदतीला बोलावलं नाही. सारंगसुद्धा म्हणाला, "जरा गोड बोलून सांगायचं ना."

नवा कुकर शिट्टी करतो. संहिता मोजत नाही. पहिली शिट्टी झाली की ती डावा हात उजव्या हातावर ठेवते आणि जिन्यात जाऊन बसते. निळी पट्टी अजून फरशीवर आहे, तिचं आता काही काम नाही.

मित्रांनो, मला घासा, चमकवा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. चमकून मी काय केलं ते तुम्ही ऐकलंत. मला साखरेने भरू नका. परत आलेली वस्तू, मग ती कितीही मोठ्या माणसाकडून आलेली असो, त्यांच्यासमोरच उजेडाकडे धरा. ते हसतील, रागावतील, चहा टाकून जातील. जाऊ द्या. तुमचा हात अर्ध्यावर थांबवू नका. पुढची वीतभरच जड असते.