न धुतलेला स्वेटर

मृण्मयीने पलंगाची फळी वर उचलली, एका हाताने ती तशीच तोलून धरली आणि वाकून आत पाहिले. पिशवी पुन्हा फुगली होती.

बाकीच्या पिशव्या मुकाट पडून होत्या. दुलया, शैलेशची जाकिटे, कानटोप्या. मार्चमध्ये व्हॅक्युम क्लीनरने हवा ओढून घेतल्यापासून सगळ्या पापडासारख्या चपट्या. कोपऱ्यातली एकच तेवढी मधोमध वर आली होती. तिच्यात आईचा विटकरी स्वेटर होता. मृण्मयीने तिच्यावर तळवा टेकवला. प्लॅस्टिक खाली गेले, आणि तळव्याखालीच सावकाश परत वर आले. तिने हात काढून घेतला.

"परत?" शैलेश दारातून म्हणाला. त्याच्या तोंडात ब्रश होता.

"हं."

"व्हॉल्व्ह गेलाय गं तिचा. दुसरी मागवतो, बदलून टाक."

"बदलायची म्हणजे स्वेटर बाहेर काढावा लागेल."

शैलेश चूळ भरायला गेला. नवरा समजूतदार होता. काही विषय आले की ओल्या लादीवरून चालावे तसा तो कडेकडेने जायचा.

खरे तर कपडे ठेवण्याच्या बाबतीत मृण्मयीला नावे ठेवायला जागा नव्हती. पुण्याजवळच्या मारुंजीतल्या या फ्लॅटच्या पश्चिमेच्या भिंतीला पावसाळ्यात बुरशी धरायची, आणि शेजारी नवा टॉवर उभा राहिल्यापासून होते नव्हते ते ऊनही गेले होते. तरी तिच्या घरात लोकरीला कधी कसर लागली नाही. ही आईची शिस्त. खामगावला होळी झाली की आशालताबाई घरातले सगळे गरम कपडे रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या, न पिळता सावलीत बाजेवर आडवे पसरायच्या आणि वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या पेटीत भरायच्या. अंगावरचे तसेच पेटीत टाकायचे नाही, हा त्यांचा दंडक. एकदाच गळ्याभोवती गुंडाळलेला मफलरही त्यातून सुटत नसे. अंगाच्या वासावर कसर येते, म्हणायच्या.

मृण्मयीने तो दंडक आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही आईच्याच स्वेटरसाठी. माघात आशालताबाई गेल्या. दिवसपाणी उरकून मृण्मयी परत निघाली तेव्हा वडिलांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्वेटर तिच्या बॅगेत ठेवला. आजारपणात तोच आईच्या अंगात असायचा. दोघेही त्यावर एक शब्द बोलले नाहीत. इथे आल्यावर तिने तो न धुता, जवळजवळ न बघताच पिशवीत घातला आणि हवा ओढून घेतली. त्यात आईचा वास होता, आणि तो आता जगात दुसरीकडे कुठेही नव्हता.

पाऊस लागल्यावर एकदा राहवेना, म्हणून तिने चेन तोंड मावेल एवढी उघडली आणि नाक आत घातले. काही म्हणजे काही आले नाही. नुसती लोकर. त्या दिवशी तिला इतके रडू आले की शैलेशने ऑफिस बुडवले. त्यानंतर ती दर शनिवारी पिशवी उघडू लागली. फळीवर डोके टेकून, चेहरा लोकरीत खुपसून बराच वेळ बसायची आणि मग पुन्हा हवा ओढून घ्यायची. एका शनिवारी वाटले, काहीतरी आहे. गणपतीत खात्री पटली. तव्यावर सांडलेल्या ज्वारीच्या पिठाचा येतो तसा, किंचित करपट, किंचित आंबूस, ऊबदार वास. लहानपणी आई कुशीत घ्यायची तेव्हा यायचा तोच. दिवाळीपर्यंत तर चेन उघडताक्षणी तो अंगावर येऊ लागला.

कुठलाही वास दिवसागणिक विरत जातो. हा वाढत होता. मृण्मयीला आनंद व्हायचा, डोळे भरून यायचे, आणि त्याच्या मागोमाग मान गार पडायची.

स्वयंपाकाला आणि झाडलोटीला जवळच्या नेऱ्याहून गौतमी यायची. तिच्याकडे एक किल्ली असे. बडबडी, धीट बाई. अमावस्या-पौर्णिमेच्या गोष्टी कुणी काढल्या तर तोंडावर हसणारी. एकदा मृण्मयी ऑफिसातून लवकर आली तर गौतमी ओट्याशी भाजी तशीच टाकून उभी होती.

"ताई, तुमी मगाशी घरात व्हता का वो?"

"नाही. आत्ताच येतेय. का?"

"काय न्हाई. बेडरूममदी झाडू मारत व्हते, तर वाटलं तुमी मागं उभ्या हाय. मी आपली बोलतीय, भाजी कंची करू म्हनून. मागं बगती तर कुनीच न्हाई." ती हसली. "मी न्हाई मानत असलं काय. पर लई खरं वाटलं."

मृण्मयीने पाण्याचा ग्लास न पिता खाली ठेवला.

"मीच होते? का दुसरं कुणी?"

"तुमीच की. दुसरं कोन हाय हितं?"

मृण्मयीने पुढे विचारले नाही. गौतमीने आईला कधी पाहिलेले नव्हते. मागे उभ्या असलेल्या बाईला ती दुसरे कोणते नाव देणार होती?

त्याच संध्याकाळी तिने पिशवीच्या व्हॉल्व्हवर आणि चेनवर खाकी चिकटपट्टी मारली, खोके बंद करतात तशी. सकाळी फळी उचलली तर चिकटपट्टी जागच्या जागी होती आणि पिशवी फुगलेली होती. मग ती त्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसेनाशी झाली. घरून काम असले की हॉलमध्ये बसायची. दुपारी सोसायटी शांत झाली, खालचे टेम्पोही थांबले, की आतून प्लॅस्टिक चुरचुरल्यासारखे वाटायचे. ती कानांत हेडफोन घालायची. शनिवारी मात्र चिकटपट्टी काढून आत तोंड घातल्याशिवाय तिला चैन पडत नसे. भीती वाटत होती, पण ती आईचीच होती, आणि आईला घाबरून दूर कसे राहणार?

डिसेंबरात तिचे वडील, बंडोपंत, राहायला आले. एकट्याने खामगावची थंडी काढू नका, असे शैलेशनेच फोनवर बजावले होते. ते आले ते पातळ शाल पांघरून, खोकत. त्यांचा स्वतःचा स्वेटर कसरीने पार चाळण करून टाकला होता म्हणे. शैलेशने आपले जाकीट दिले, तर त्यात त्यांचे हातच दिसेनात.

"बुजगावणं झालंय माझं," म्हणत त्यांनी ते घडी करून परत दिले.

रविवारी सकाळी शैलेश भाजी आणायला खाली गेला होता. बाहेर धुक्यात समोरचा टॉवर अर्धाच दिसत होता. बंडोपंत हॉलमध्ये खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. खोकल्याची उबळ ओसरल्यावर ते म्हणाले, "मृणू, आशाचा तो विटकरी स्वेटर तुझ्याकडेच आहे ना? दे बरं. घरातल्या घरात घालीन."

मृण्मयीने हातातला चहाचा कप बशीत ठेवला.

"तो नको बाबा. मी आज नवा आणते तुम्हाला."

"नवा काय करायचाय? तो असाच तर पडून आहे."

"पडून नाही. ठेवलाय."

बंडोपंतांना पुन्हा खोकला आला. शालीचा बोळा तोंडाशी धरून ते पार वाकले, आणि त्यांच्या पाठीचे मणके सदऱ्यातून वर आलेले तिला दिसले. तिला स्वतःची लाज वाटली.

"बाबा, त्याला आईचा वास आहे," ती म्हणाली. "बाहेर काढला की जाईल. म्हणून मी तो धुतलासुद्धा नाही. तसाच ठेवलाय."

"तसाच म्हणजे?"

"न धुता."

"अगं, पण मी धुतला होता."

"कधी?" मृण्मयीने विचारले.

"तू निघायच्या दोन दिवस आधी," बंडोपंत म्हणाले. "औषध सांडलं होतं त्यावर. आणि ती म्हणायची ना, अंगावरचं तसंच टाकायचं नाही म्हणून. रिठे फोडले, दोनदा धुतला, बाजेवर वाळवला. अगदी तिच्यासारखा. तिचा झाला, माझा तेवढा राहून गेला, म्हणून तर कसरीने खाल्ला." त्यांच्या चेहऱ्यावर थोडा अभिमान होता. मग मुलीकडे पाहून तो मावळला. "चुकलं का गं माझं?"

ती उठून आत गेली. पिशवी फुगलेलीच होती. तिने चिकटपट्टी ओरबाडून काढली आणि पहिल्यांदाच चेन या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडली. वास भपकन वर आला. धुऊन वाळवून दिलेल्या लोकरीत मग हे इतके दिवस कोण होते? स्वेटर अंगापासून लांब धरून तिने तो बाहेर आणला आणि वडिलांच्या मांडीवर ठेवला.

"वास घ्या," ती म्हणाली. "आईचाच आहे ना?"

बंडोपंतांनी स्वेटर दोन्ही हातांनी उचलून नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग मान हलवली.

"नाही गं. आशाच्या अंगाला ओव्याचा वास यायचा. शेवटी शेवटी त्यात औषधांचा मिसळला. हा तुझा आहे."

"माझा?"

"तुझाच. शाळेतून घामेजून आलीस की यायचा तो. आशा हसायची. म्हणायची, मृणूला जवळ घेतलं की माझ्या लुगड्यालासुद्धा तिचा वास लागतो."

सरळ, रोजची गोष्ट सांगावी तसे ते बोलले आणि स्वेटरच्या बाहीत हात घातला. बाह्या थोड्या आखूड पडल्या. गळ्यापर्यंत बटणे लावून त्यांनी पाय खाली सोडले.

"ऊब आहे हं अजून," ते म्हणाले.

दर शनिवारी लोकरीत चेहरा खुपसून बसलेली बाई मृण्मयीच्या डोळ्यांसमोर आली. तिचे केस, तिची मान, तिचा घाम. आईच्या कुशीतला म्हणून जो वास तिने जन्मभर जपला, तो कुशीत शिरलेल्या पोरीचा होता. मग आईचा कुठला? ती स्वयंपाकघरात गेली. मिसळणाच्या डब्यातून चिमूटभर ओवा काढून तिने तळहातावर चोळला, डोळे मिटले, थांबली. ओव्याला ओव्याचा वास होता. त्यात आई कुठेच नव्हती. तिला आईचा वास आठवत नव्हता. कधी विसरला, तेही आठवत नव्हते. बेसिनपाशी उभी राहून ती आवाज न करता रडली आणि मग साबण लावून दोन्ही हात कोपरांपर्यंत धुतले.

बाहेर बंडोपंतांचा खोकला थांबला होता.

बेडरूममधली फळी उघडीच राहिली होती. ती बंद करायला म्हणून मृण्मयी आत गेली. मघाशी पिशवी रिकामी करून तिने पलंगाच्या आतल्या कोपऱ्यात भिरकावली होती. ती आता सरळ होऊन पडली होती, चेन सताड उघडी, आणि मधोमध वर आली होती.

मृण्मयी गुडघ्यांवर बसली. काठ धरून हळूच आत वाकली.

ओव्याचा वास आला. हाताला राहिला असेल, असे म्हणून तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि पुन्हा वाकली. वास तसाच होता. त्याच्या तळाशी थोडा औषधाचा होता.

मग तिने चेन लावली, कडेने बोट फिरवून नीट बसल्याची खात्री केली आणि फळी खाली घेतली. या वेळी तिने हवा ओढून घेतली नाही.