गॅलरीवाली खोली

प्लॅस्टिकच्या बोटीचा कठडा नखाएवढाही उंच नव्हता. सफरी विकणाऱ्या दुकानातल्या टेबलावरच्या त्या पांढऱ्या नमुन्यात प्रत्येक खोलीला एक गॅलरी, प्रत्येक गॅलरीला दोऱ्याइतका बारीक कठडा – आणि आईचं नख त्यावरून पुन्हा पुन्हा फिरत होतं, जणू खऱ्या बोटीवरचाही असाच, जरा रेललं की वाकेल असाच असणार होता.

"आई, गॅलरीवालीच घे," लेक म्हणाली. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून ही आलिशान सफर तिनं आईबाबांना भेट दिली होती; खोली तेवढी आईनं निवडायची. "सकाळी दार उघडलं की समोर समुद्र!"

दार उघडलं की... तेच तर. शेजारी बसलेल्या यांनी जन्मभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या. आता लेकीचं नाव आठवताना कपाळाला आठ्या पडतात, पण कुठलीही कडी, कुठलाही खटका हाताखाली आला की बघता बघता सुटतो. मागच्या आठवड्यात आमच्या चौथ्या मजल्यावरच्या खिडकीची काच यांनी अलगद काढून भिंतीला टेकवून ठेवली होती, आणि एक पाय बाहेर. "चल लवकर," म्हणाले, "गाडी सुटेल." मी शर्ट धरला. शर्ट फाटला, माणूस हाती राहिला. लेकीला सांगितलं नाही – सांगितलं की ती यांना कुठल्यातरी संस्थेत ठेवू म्हणणार, आणि मग... झाकली मूठ सव्वा लाखाची.

"आतली खोली नाही का एखादी?" आईनं विचारलं. "बिनखिडकीची?"

सफरी विकणारा तरुण हसला. "काकू, एवढ्या मोठ्या बोटीवर जाऊन कपाटात झोपणार?"

लेक हसली. सगळे हसतात म्हणून बाबाही हसले, आणि उठून दुकानाच्या दर्शनी काचेच्या कडेवरून अंगठा फिरवू लागले. लेकीला त्याचंही कौतुक. तो अंगठा काच कुठून निघते ते चाचपतोय, हे आईला मात्र कळलं.

"बोट शुक्रवारी संध्याकाळी सुटते," तरुण सांगत होता.

सुटते. थोरल्या मावशीचा नवरा वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होता. तो गेला तेव्हा बायका म्हणाल्या होत्या – सुटला बिचारा. आणि मग आवाज उतरवून – तीही सुटली हो. दुसऱ्या दिवशी मावशी भर दुपारपर्यंत झोपली होती, तोंड उघडं टाकून, आणि मला, शाळकरी पोरीला, तिचा केवढा राग आला होता...

आणि आईच्या डोळ्यांपुढे ती गॅलरी उभी राहिली. दार सताड उघडं, पडदा हलतोय, बाहेर दोन खुर्च्या, दोन्ही रिकाम्या – आणि आत पलंगावर आपण एकट्याच, हाताची पकड सैल, कित्येक महिन्यांत लागली नाही अशी गाढ झोप... बरं वाटलं. खरंच, अंगभर बरं वाटलं. आणि आपल्याला बरं वाटलं हे ध्यानात आलं तसं तिनं नख त्या इवल्या कठड्यावरून झटकन उचललं. आजवर मी यांच्या हातांना भीत होते. शर्ट धरणारे हात माझे होते, त्या हातांचा मला भरवसा होता.

"मग काय ठरलं, काकू? आतली की गॅलरीवाली?"

ते काचेपासून परत आले, तिच्या शेजारी बसले आणि आपला खरखरीत पंजा त्यांनी तिच्या हातात ठेवून दिला. "तू म्हणशील ती," ते म्हणाले. "तू आहेस ना बरोबर. मग मला कसली काळजी?"

तिनं तोंड उघडलं. आतली म्हणायचं होतं. पण दोन्ही शब्द एकदमच जिभेवर आले, आणि त्यातला कुठला आधी बाहेर पडेल, हे तिचं तिलाच सांगता येईना.