हवा कुठून सुटत होती?

मित्रांनो, नुसतं नाव सांगून तुमच्या डोक्यात उजेड पडायचा नाही, म्हणून आधी काम सांगते. क्लॅरिनेट तोंडाला लावतात त्या टोकावर वेताची एक पातळ पत्ती असते. फुंकलं की ती थरथरते आणि सूर निघतो. त्या पत्तीला जागच्या जागी आवळून धरणारी पितळेची जुनी पट्टी म्हणजे मी. दुकानात मला लिगेचर म्हणतात. मी ढिली पडले तर पत्ती सरकते आणि फार आवळली गेले तर तिचा जीव घुसमटतो.

कारखान्यात पत्रा कापला, वाकवला, दोन स्क्रू बसवले, एका बाईंनी उजेडात धरून पाहिलं आणि खोक्यात टाकलं. झालं माझं बालपण! पुढे दुकानात माझे मालक भेटले. ते वाद्यवृंदात पहिल्या खुर्चीवर, म्हणजे मुख्य वादकाच्या जागी, बसणारे वादक. त्यांनी अकरा पट्ट्या लावून पाहिल्या, प्रत्येकीवर एकच लांब सूर वाजवला आणि मला निवडलं. त्या कौतुकावर मी एकवीस वर्षं काढली. दिमाखही थोडाथोडका केला नाही.

मग एका सकाळी सरावात सुराबरोबर फुस्स असा आवाज येऊ लागला. कुठून तरी हवा सुटत होती. मालकांनी पत्ती बदलली. फुस्स. माझे स्क्रू पिळले, सैल केले, मला वर-खाली सरकवलं. फुस्स. "गेली ही पट्टी कामातून," ते म्हणाले. एकवीस वर्षांनंतर हे बक्षीस! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्याच दिवशी चामड्याची पट्टी आली. मग दोऱ्याची, मग चांदीचा मुलामा दिलेली एक नटवी. जेवणाच्या टेबलावर रांगच लागली. वाद्यवृंदाच्या प्रमुखांनी स्पष्ट सांगितलं होतं, "शुक्रवारी एकट्यानं वाजवून दाखवा. असंच राहिलं तर पहिली खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागेल." मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. आणि मी? खोटं कशाला बोलू, प्रत्येक नवी पट्टी फुस्स करायची तेव्हा मला आसुरी आनंद व्हायचा. बरी जिरली, म्हणायचे मी.

पण मला एक गोष्ट कळली होती. ते मधूनच मला पुन्हा लावून बघत, तेव्हा माझ्या उजव्या अंगावर लाळेचे थेंब ओघळायचे. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. त्यांच्या ओठाचा उजवा कोपरा सैल पडला होता आणि हवा तिथूनच सुटत होती.

हे एकट्या मलाच दिसलं असं नाही. चहा पिताना त्यांच्या हनुवटीवर ओघळ यायचा आणि बायको मुकाट्यानं रुमाल पुढे करायची. एकदा धीर करून म्हणाली, "अहो, डॉक्टरांना दाखवू या का जरा?"

"मला काय धाड भरलीय? दुखणं पट्टीचं आहे!" ते असे खेकसले की तिनं पुन्हा विषय काढला नाही.

बुधवारी ते मला वाद्यं दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराकडे घेऊन गेले. त्यानं मला पत्तीवर बसवलं, तोंडाकडच्या सुट्या नळीचं खालचं टोक तळहातानं बंद केलं, वरून हवा ओढली आणि ओठ बाजूला केले. पत्ती क्षणभर चिकटून राहिली, मग टक्‌ करून सुटली. म्हणजे फट कुठेच नव्हती. मग त्यानं स्वतः एक सूर वाजवला. एकदम स्वच्छ.

"पट्टी ठणठणीत आहे," तो म्हणाला आणि मालकांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता तरी बोलेल. पण एवढा नावाजलेला वादक, त्याला कसं सांगायचं की दोष तुमच्या ओठात आहे? "हवं तर दुसरी एखादी लावून बघा," असं पुटपुटून त्यानं मान खाली घातली. झालं, आणखी एक पट्टी आली. मला धरून सातवी.

शुक्रवारी तीच लावून ते वाजवायला बसले. मी शेजारी उघड्या पेटीत होते. तिसऱ्या ओळीवर फुस्स झालं, मग सूर थांबला आणि मालक खुर्चीसकट कोसळले. मेंदूत रक्ताची गाठ अडकली, असं डॉक्टर म्हणाले. ओठ सैल पडला तेव्हाच आणलं असतं तर बहुतेक वाचलं असतं सगळं. मुलगी परगावाहून धावत आली. "आई, तुला दिसत नव्हतं का गं?" तिनं विचारलं. आई हातातल्या रुमालाच्या घड्या घालू लागली. दिसत होतं, मित्रांनो. आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

आता मालकांचा उजवा हात मांडीवर पडून असतो आणि वाचा गेली आहे. परवा मुलीनं आम्हा सातही जणींना त्यांच्यापुढे मांडलं. "बाबा, कुठली लावू?" त्यांनी आमच्यावरून नजर फिरवली, जणू आम्ही कोण, कुठल्या, तेच त्यांना कळेना, आणि मग ते खिडकीबाहेर पाहू लागले. मुलीनं आम्हाला एकेक करून पेटीत ठेवलं आणि बाहेर जाऊन रडली.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना पुसा, कोरडं ठेवा, आमचे स्क्रू जास्त पिळू नका. पण तुमच्या घरात कुणी आपलं दुखणं वस्तूच्या माथी मारत असेल, तर त्याला हाताला धरून डॉक्टरकडे न्या. भीड बाळगू नका. तो रागावला तर रागावू द्या. आमचे मालक आता रागावतही नाहीत.