मिर्झांचा सहावा शेर

"अहो, टोपी उलटी घातलीय!" मी ओरडले.

"असू दे गं! सहावा शेर ऐक, आता बघ कसा बसलाय."

"महिनाभर तेच ऐकतेय. आधी टोपी सरळ करा."

आमचे मिर्झा कुर्बान अली, शायरीतलं नाव 'फर्सूदा', वय एकसष्ट. सकाळपासून अंगणात नुसत्या येरझारा! पोटात अन्नाचा कण नाही, त्यांच्याही आणि त्यांच्यापायी माझ्याही. निम्म्या लखनौच्या गझला यांनी दुरुस्त केलेल्या. शागिर्द कागद घेऊन येणार, हे विडा चघळत लंगड्या ओळींना पाय लावून देणार, आणि वाहवा शागिर्दाची. चाळीस वर्षं मी हेच बघत आले. नवाबसाहेबांच्या मुशायऱ्याचं बोलावणं मात्र पहिल्यांदाच आलं होतं.

नवाबांनी महिनाभर आधी एक ओळ देऊन ठेवली होती. तिच्याच वजनात, तिच्याच यमकात प्रत्येकानं गझल बांधायची. मिर्झांचा सहावा शेर काहीसा असा होता:

तुझ्या उंबऱ्यानं विचारलं, आज उशीर का केलास?
आत मात्र अजून कुणी माझं नावही विचारलं नाही.

मी काही सहजासहजी दाद देणारी बाई नव्हे. पण खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा ऐकला तेव्हा अंगावर काटा आला होता.

"आज हा शेर भर मैफलीत म्हटला, की मेलो तरी चालेल," मिर्झा म्हणाले.

"मरोत तुमचे वैरी! चला, डोली आलीय."

नवाबांना रात्रीची हवा सोसत नसे, म्हणून मुशायरा दुपारी. पण रीत ती रीत, भर उन्हात शमा पेटवलेली! ती ज्याच्यापुढे ठेवतील त्यानं वाचायचं, आधी लहानांनी, शेवटी उस्तादांनी. आम्ही बायका पडद्याआड दाटीवाटीनं बसलो होतो.

चौथ्यांदा शमा सरकली ती मिर्झांच्या लाडक्या शागिर्दापुढे, वजीहुद्दीन 'नादिम'पुढे. पोरगा देखणा, गळा गोड. दोन शेर झाले, तीन झाले, आणि मग त्यानं सुरू केलं, "तुझ्या उंबऱ्यानं विचारलं..."

माझ्या हातातला विडा खाली पडला. शेर संपला आणि मैफल जी उसळली, काय सांगू! लोक गुडघ्यांवर उठले, नवाबसाहेब स्वतः हात उंचावून ओरडायला लागले.

"चोर मेला! माझ्या नवऱ्याचा शेर आहे तो!" मी उठलेच होते. शेजारच्या बाईनं हात धरून मला खाली बसवलं. गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही.

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. मिर्झांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी कपाळावर हात मारला. आणि दुसऱ्याच क्षणी सगळ्यांच्या वर त्यांचा आवाज आला, "वाह, मियाँ, वाह! पुन्हा! पुन्हा म्हणा!"

नादिमनं त्यांना वाकून सलाम केला आणि शेर पुन्हा म्हटला. त्याला बिचाऱ्याला कसलाच पत्ता नव्हता, हे मला मागाहून कळलं.

मिर्झांपुढे शमा आली तेव्हा ऊन उतरलं होतं. पाच शेर वाचले. मग त्यांचं बोट कागदावरून एक शेर ओलांडून खाली गेलं, आणि त्यांनी थेट सातवा वाचला. लोकांनी दाद दिली, वयस्कर माणसाला देतात तशी.

परतताना ते डोलीशेजारून चालत होते. मी आतून तडतडत होते. "तोंडाला कुलूप लागलं होतं का? चोरावर खुशाल वाहवा उधळताय!"

"चोर नाही गं तो. मीच लिहून दिला."

"काय?"

"पंधरा दिवसांपूर्वी गझल दाखवायला आला. एक शेर अगदीच मेलेला. वजन तेच, यमक तेच, आणि माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. तो खोडला आणि हात चालत गेला. तो शेर म्हणायला लागला तेव्हा कुठे आठवलं."

"मग सांगायचं ना तसं!"

"दुरुस्तीत दिलेला शेर उस्ताद परत मागतो का? भर मैफलीत पोराची मान खाली घालायची?" थोडं चालले आणि एकदम डोलीचा दांडा धरून म्हणाले, "पण ऐकलंस ना? काय उठले गं लोक! अख्खी मैफल उठली!" त्यांचा आवाज आनंदानं कापत होता. मला मात्र रडू आवरेना.

घरी आल्यावर त्यांनी आपली वही काढली आणि सहाव्या शेरावर रेघ मारली. शाई वाळेपर्यंत बघत बसले.

"जरा म्हण ना तो," ते म्हणाले. "पोरानं म्हटला तसा."

मी डोळे पुसले आणि म्हटला. मिर्झा गुडघ्यांवर हात टेकत उभे राहिले आणि त्या रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाले, "वाह, मियाँ नादिम, वाह!"